रोजचा दहा रुपयांचा 'ज्यूस': पाच वर्षांच्या मुलाला किती चालेल?

मिरजेची आई

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, मोठ्या गटात जातो. मी बँकेत नोकरीला आहे, सकाळी नऊला घर सोडते ते संध्याकाळी साडेसहाला येते. दुपारी साडेबाराला शाळेतून त्याला त्याचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, आणतात. वाटेत कोपऱ्यावर एक दुकान आहे. तिथून आंब्याच्या ज्यूसचा दहा रुपयांचा खोका घेतल्याशिवाय पोरगं पुढे पाऊल टाकत नाही. स्ट्रॉ टोचायची, घरापर्यंत चोखत यायचं, असं आता रोजचं झालंय.

आजोबांवर माझा अजिबात राग नाही. त्यांच्या मते कोल्ड्रिंक वाईट, चहा वाईट, आणि हा मात्र फळाचा रस, म्हणजे मुलाच्या पोटात काहीतरी चांगलं जातंय. खोक्यावर आंब्याचं एवढं रसरशीत चित्र असल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण घरी आल्यावर तो वरणभाताला हात लावत नाही. दोन घास खाल्ले की "पोट भरलं". मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवायच्या आधी काय पितो?"

आणि हे फक्त त्या दुकानापुरतं नाही. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की वेफर्सच्या पुडीबरोबर ज्यूस. लग्नात मुलांच्या हातात ज्यूस. पूर्वी आजारी माणसाला बघायला जाताना लोक मोसंबी नाहीतर सफरचंदं न्यायचे, आता ज्यूसचा मोठा खोका नेतात. नाही म्हणायला गेलं की आपणच वाईट ठरतो.

गेल्या पावसाळ्यात त्याला जुलाब लागले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ओआरएस लिहिलं. औषधाच्या दुकानातून जे मिळालं ते सफरचंदाच्या चवीचं तयार पेय होतं, नावात ओआरएस ही अक्षरं मोठी. त्याने आवडीने सगळं प्यायलं आणि जुलाब वाढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खोका हातात घेऊन मागची बाजू वाचली आणि पावडरचं पाकीट लिहून दिलं. तेव्हापासून मी प्रत्येक खोका उलटा करून वाचायला लागले आहे, पण त्यातलं निम्मं कळत नाही. ३३०, ४४०, ४६६ हे आकडे काय आहेत? 'फ्रूट ड्रिंक' आणि 'ज्यूस' यांत फरक असतो का? पाच वर्षांच्या मुलाला याची किती मात्रा चालते? आणि सगळ्यात अवघड म्हणजे भर उन्हात घामाघूम झालेल्या मुलाला दुसरं काय द्यायचं, जे तो घेईल आणि आजोबांना देताही येईल?

---

पल्पवाला, रत्नागिरी

ताई, मी रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात उत्पादन विभागात बरीच वर्षं काढली. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो.

खोक्याची पुढची बाजू कंपनी तिच्या मर्जीने छापते. मागच्या बाजूवर काय छापायचं ते कायदा ठरवतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. आंब्याच्या पेयाचा खोका उलटा केलात की पहिला शब्द दिसेल पाणी. मग आंब्याचा पल्प आणि साखर, कुठे हा आधी तर कुठे ती. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायला आपल्या नियमांत फळाचा रस किमान १० टक्के असला की पुरतं, लिंबाच्या पेयाला तर ५ टक्के. काही कंपन्या जास्त घालतात, ते टक्के यादीत पल्पच्या शेजारी छापलेले असतात, ते बघा. 'ज्यूस' हा शब्द कायद्यात वेगळा आहे, तो फळाच्या पूर्ण रसासाठी. पण तोही बहुतेक वेळा आटवून ठेवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेला असतो. अशा रसावर '१०० टक्के फळांचा रस' असं छापू नका, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जून २०२४ मध्ये काढला आणि जुनी वेष्टनं संपवायला १ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. त्यात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' असं लिहिणंही बंधनकारक आहे.

आता पल्प कसा होतो ते. पिकलेला आंबा धुतात, निवडतात, साल-बाठा वेगळा करून यंत्रातून गर काढतात, मग तो बारीक चाळणीतून जातो. इथेच रेषा निघून जातात. तापवून निर्जंतुक पिशव्यांत भरतात आणि त्या मोठ्या ड्रममध्ये ठेवतात. वर्षभर तो पल्प लागेल तसा वापरतात. चित्रात हापूस दिसला तरी देशभर खपणाऱ्या या पेयांत मुख्यतः तोतापुरी असतो. तो आंध्रातल्या चित्तूरकडून, तमिळनाडूतल्या कृष्णगिरीकडून येतो. तोतापुरीला गर भरपूर आणि भाव परवडणारा. पण हापूसइतका गोडवा आणि वास त्याला नसतो, त्यात पल्प असतो थोडासाच, म्हणून साखर, आम्ल आणि वास बाहेरून घालावे लागतात.

ताई, तुम्ही विचारलेला ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातलं आम्ल. ते स्वतः घातक नाही. पण त्याचं काम समजून घ्या. साध्या पाण्यात चार चमचे साखर ढवळून मुलाला द्या, दोन घोटांत तोंड फिरवेल, इतकं ते मिट्ट लागतं. त्याच पाण्यात ३३० घाला, फ्रीजमध्ये गार करा, सगळं पिईल आणि आणखी मागेल. आम्ल आणि गारवा साखर झाकतात. बाकी ४४० म्हणजे पेक्टिन आणि ४६६ म्हणजे सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा पदार्थ. पातळ पाण्याला दाटपणा यावा, ते रसासारखं वाटावं म्हणून ते घालतात. ३०० म्हणजे सी जीवनसत्त्व.

एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण व्हॉट्सॲपवर तो फार फिरतो. टेट्रापॅक टिकतो तो औषध घातल्यामुळे नव्हे. पेय काही सेकंद कडक तापवून निर्जंतुक करतात आणि कागद, प्लास्टिक, ॲल्युमिनियमच्या थरांच्या निर्जंतुक खोक्यात बंद करतात. हवा नाही, उजेड नाही, जंतू नाहीत, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. हे तंत्र उत्तम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्लास्टिकच्या बाटलीत मात्र २०२ किंवा २११ हे टिकाऊपणाचे पदार्थ दिसू शकतात. रंगांकडे लक्ष ठेवा. १०२ आणि ११० हे पिवळे-केशरी कृत्रिम रंग आहेत. युरोपात २०१० पासून या रंगांच्या खाद्यपदार्थांवर 'मुलांच्या हालचाली आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो' अशी सूचना छापावी लागते. आपल्याकडे अशी सूचना लागत नाही, कृत्रिम रंग आहे एवढं आणि त्याचं नाव किंवा आकडा लिहिला की झालं.

आता मुख्य हिशेब. पोषणमूल्यांच्या तक्त्यात आकडे बहुतेक वेळा १०० मिलिलिटरमागे असतात, खोक्यामागे नव्हे. बाजारातल्या आंब्याच्या पेयांत साधारण १३-१४ ग्रॅम साखर असते. खोका १२५ मिलिलिटरचा असेल तर १६-१७ ग्रॅम, १६० चा असेल तर २१-२२. एक सपाट चमचा साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. त्याच तक्त्यात 'ॲडेड शुगर' असा वेगळा आकडा असतो, तो वरून घातलेल्या साखरेचा. हा आकडा छापणं अलीकडच्या काही वर्षांतच बंधनकारक झालंय, त्याचा उपयोग करून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी वरून घातलेली, मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. रसातली स्वतःची साखरही त्यांनी याच हिशेबात धरली आहे. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३००-१४०० कॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे १६-१७ ग्रॅम साखर. म्हणजे दुपारी एक वाजायच्या आत, घरी पोचेपर्यंत त्याचा दिवसाचा कोटा संपला. सकाळचं गोड दूध, डब्यातलं बिस्किट, रात्रीचा शिरा हे सगळं त्यावर.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, आयएपीची, २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: दोन वर्षांखाली रस नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिलिलिटर, त्यापुढे २५०, आणि तोही शक्यतो ताजा. ही वरची मर्यादा आहे. रोज एवढा द्यावा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

---

जुना ठाणेकर

माझं मत थोडं वेगळं आहे. फ्रूटी १९८५ मध्ये आली तेव्हा मी शाळेत होतो. सहलीला एक मिळायची, त्याचं अप्रूप वर्षभर पुरायचं. त्याआधी घरोघरी रसना होतं, पाच रुपयांच्या पाकिटात ३२ ग्लास. मे महिन्यात आम्ही भावंडं तांब्याने प्यायचो. आमच्यातलं कुणी त्यामुळे आजारी पडलं नाही. आजोबा-नातवाच्या त्या वाटेत जी माया आहे ती ग्रॅममध्ये मोजू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांना प्रत्येक गोष्टीची भीती घातली तर ती चोरून खायला शिकतात. कमी करा, पण एकदम तोडू नका.

---

अंगणवाडी ताई, जत तालुका

ठाणेकर दादा, मायेचं तुमचं बोलणं पटतं. पण रसनाची आणि या खोक्याची तुलना नाही पटत. रसनात साखर आपली आई स्वतःच्या हाताने घालायची. डब्यातून वाटीवाटी साखर जाताना तिच्या डोळ्यांना दिसायची, महिन्याच्या किराणात तिचा हिशेब लागायचा, म्हणून ती हात आखडता घ्यायची. आणि ते मे महिन्यात पाहुणे आले की व्हायचं, जून उजाडला की बंद. खोक्यातली साखर कुणालाच दिसत नाही आणि ती बारा महिने, रोज, दहा रुपयांत मिळते. तुमची फ्रूटी सहलीची होती. आज ती कोरडवाहू गावातल्या पत्र्याच्या टपरीवरही लटकलेली असते.

माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. आई शेतावर मजुरीला जाते आणि जाताना मुलाच्या हातात खोका देते, कारण पोरगं रडत असतं आणि दुसरं काही करायला वेळ नसतो. त्या दिवशी ते मूल आमची उसळ, खिचडी खात नाही. थाळी तशीच परत येते. मी महिन्याला वजन करते, उंची मोजते. ज्या मुलांचं वजन जागचं हलत नाही त्यांच्या घरी गेलं की कोपऱ्यात चेपलेले खोके दिसतात. अशा मुलांना आधीच अन्न कमी मिळतं, त्यातली भूकही साखर मारून टाकते. शहरात लोक लठ्ठपणाला घाबरतात, आमच्याकडे याच खोक्याने मुलं वाळतात. हे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

मातांच्या बैठकीत मी एक काम करते. रिकामा काचेचा ग्लास ठेवते, खोक्याची मागची बाजू मोठ्याने वाचायला लावते आणि आकड्याप्रमाणे एका आईलाच चमच्याने साखर ग्लासात टाकायला सांगते. मी काही बोलत नाही. पुढचं त्याच एकमेकींत बोलतात. ताई, आजोबांना भाषण देऊ नका, हे करून दाखवा. लेबल त्यांनाच वाचू द्या.

आणि तुमच्या मुलाला त्या कोपऱ्यावर नेमकं काय होतंय ते बघा. साडेबाराला त्याला भूक आणि तहान दोन्ही लागलेली असते. दुकान दिसायच्या आधीच, शाळेच्या फाटकातच, आजोबांनी त्याला पाणी पाजावं आणि हातात फळ द्यावं. केळं सगळ्यात सोपं, धुवायला नको, कापायला नको. हिवाळ्यात पेरूच्या फोडी, बोरं. सांगली-मिरजेला तर द्राक्षांचा हंगाम दारात असतो. लहान मुलाला द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खी घशात अडकतात. उन्हाळ्यात घरचं पातळ ताक जिरं-मीठ घालून छोट्या स्टीलच्या बाटलीत. पेरूमध्ये संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी जीवनसत्त्व असतं आणि जेवणातलं लोह अंगी लागायला ते मदत करतं, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मुद्दाम सांगते. कोकम सरबत, पन्हं हेही द्या, पण त्यातही साखर असते हे विसरू नका. फक्त चमचा तुमच्या हातात असतो.

---

सिस्टर, सोलापूर

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. जुलाबाबद्दल ताईंनी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. यावर सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर मूल दगावू शकतं.

ओआरएस हे काही तरतरी आणणारं पेय नव्हे, ते औषध आहे. आतड्याच्या आतल्या पेशी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबात बाकी सगळं बिघडलं तरी हा मार्ग चालू राहतो. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. फळांच्या गोड पेयात लिटरमागे साखरच १०० ग्रॅमच्या वर जाते आणि मीठ नावाला. एवढी साखर आतड्यात गेली की ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात. सफरचंदाच्या रसात आणखी एक अडचण, त्यात फ्रुक्टोज जास्त आणि सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो लहान मुलांना नीट पचत नाही. धडधाकट मुलालाही सफरचंदाचा रस जास्त झाला की पातळ होतं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाच्या फसवणुकीविरुद्ध बरीच वर्षं एकाकी झुंज दिली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ ला एफएसएसएआयने आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द, मागे-पुढे काही जोडूनसुद्धा, वापरता येणार नाही. या बाईंचे उपकार आहेत आपल्यावर. ओआरएसवर ज्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे हजारो रुग्ण सांभाळले, सलाइन संपल्यावर ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं, त्यांच्या कामाचं नाव एका गोड पेयावर छापलं जात होतं, याचा मला फार त्रास व्हायचा.

आदेश निघाला तरी घरात सवय राहते, म्हणून लक्षात ठेवा. दुकानात 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला', म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र, असं लिहिलेलं पावडरचं पाकीट मागा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला, पेल्यात अर्धं-पाव करू नका. चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजा. डॉक्टर झिंकच्या गोळ्या १४ दिवसांच्या देतात, जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करा. मूल सुस्त पडलं, लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील तर घरी थांबू नका. पाकीट अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

---

कोपऱ्यावरचं दुकान, कराड

दुकानदाराची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझं दुकान एका मराठी शाळेपासून दोनशे-अडीचशे पावलांवर आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे, तो मला लागत नाही. पण शाळा सुटल्यावर पहिलं दुकान माझंच.

काचेचा फ्रीज बहुतेक दुकानांना कंपनी देते. त्यात तिचाच माल ठेवायचा आणि कुठल्या कप्प्यात काय हे तीच ठरवते. मुलांचा माल खालच्या कप्प्यात, म्हणजे पाच-सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर. शहाळं, ताक ठेवायचं तर दुसरा फ्रीज, दुसरं वीजबिल. ताक दोन दिवसांत खराब होतं, नुकसान माझं. खोका सहा महिने टिकतो, उंदीर लागत नाही, फुटत नाही, फ्रीज बंद पडला तरी बिघडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणजे सरकारनेही ते स्वस्तच केलं. आणि दहाची नोट हा मुलांच्या हातातला ठरलेला पैसा आहे. दहा रुपयांत येणारी वस्तूच खपते.

तरी मी गल्ल्याशेजारी केळ्याचा घड टांगायला लागलोय. आजी-आजोबा घेतात. मुलं मागत नाहीत, पण हातात दिलं की खातात. ताई, तुमच्या आजोबांनी त्यांच्या दुकानदाराला एकदा मोकळेपणाने सांगावं, "याला मी फक्त रविवारी घेऊन देणार, इतर दिवशी मागितला तरी संपलाय म्हणा." आम्ही ऐकतो हो. रोजचं गिऱ्हाईक आहे, त्याच्या नातवाचं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं?

---

मिरजेची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडी ताईंनी सांगितलं तसं केलं. आजोबांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, आमच्याकडचा खोका १२५ मिलिलिटरचा निघाला. साखर त्यांनीच चमच्याने मोजून वाटीत काढली. साडेतीन चमचे झाले तेव्हा ते म्हणाले, "अगं, मला चहात अर्धा चमचा घालायला डॉक्टरांनी बंदी केली, आणि मी याला रोज एवढी पाजतोय?" त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे हिशेब लगेच पोचला. आता फाटकातच केळं आणि पाणी सुरू झालंय. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावर रडारड झाली, आजोबा दोनदा विरघळले. जेवण मात्र सुधारतंय, काल आमटी मागून घेतली.

वर्गातल्या वाढदिवसांसाठी मी पालकांच्या गटात लिहिलं की खाऊ म्हणून फळ किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवूया. तिघींनी होकार दिला, बाकी गप्प आहेत. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलंय, आमची शाळा राज्य मंडळाची आहे, पण तसा फलक आम्हालाही लावता येईल असं बाईंना सुचवलंय.

आणखी एक विचारायचं राहिलं. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत पांढुरके डाग दिसतात. दुधाचेच दात आहेत, पडतील म्हणून सोडून द्यायचे का?

---

सिस्टर, सोलापूर

सोडू नका. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग म्हणजे दाताच्या वरच्या थरातले क्षार निघून जायला सुरुवात झाल्याची खूण असू शकते. या पायरीवर फ्लोराइड लावून दात वाचवता येतो, तपकिरी खड्डा पडला की भरावा लागतो. हळूहळू चोखत पिण्याने आम्ल आणि साखर दातांना जास्त वेळ लागून राहतात, त्यामुळे एका दमात प्यायल्यापेक्षा नुकसान अधिक. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. पुढे डाग असेल तर मागेही बघायला हवं, ते आपल्याला घरी दिसत नाही.

सांगलीत दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, तिथे या आठवड्यात दाखवा. तोवर रात्री झोपण्याआधी मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून तुम्ही स्वतः ब्रश करून द्या, त्याच्यावर सोडू नका. रविवारचा खोका द्यायचाच असेल तर जेवणाबरोबर द्या, पेल्यात ओतून, स्ट्रॉ न देता, आणि मागोमाग पाण्याने चूळ भरायला लावा.